लाल दोऱ्याचे टोमॅटो

मी लेखक नाही. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून सगळ्यांना वाटतं ह्याला लिहिता येतं. चुकलं तर माफ करा.

आमची भाजीची वाडी गोराईला, बोरिवलीहून खाडी ओलांडली की लगेच. शेजारच्या घरात इटलीहून आलेलं एक म्हातारं जोडपं बरीच वर्षं राहिलं. येताना त्यांनी गावचं बी आणलं होतं. लांबट, मिरचीसारखे टोकदार टोमॅटो. आमच्याकडे टोमॅटोचे वेल जमिनीवर लोळायचे. त्या आजोबांनी बांबू रोवले, रोपं उभी बांधली आणि पानांच्या बगलेतले कोंब खुडायला लागले. बाबा हबकले.

"अहो साहेब, रोपाचे हात कशाला तोडता?"

"हात कमी, फळ मोठा," आजोबा मोडक्या मराठीत म्हणाले.

आणि आलीच की मोठी! दोन वर्षांत सगळ्या वाड्यांत बांबू उभे राहिले. शेजाऱ्यांनी रीत उचलली, बी मात्र बाजारचंच ठेवलं. इटलीचं बी फक्त आमच्याकडे. मायदेशी परतताना आजोबांनी बाबांना एवढंच सांगितलं, "बी सांभाळा." तेव्हापासून बाबा चांगल्या फळांना लाल दोरा बांधून ती बियांसाठी झाडावरच ठेवायचे.

गेल्या उन्हाळ्यात ताईची हळद होती. हंगाम संपलेला, जुनं बी पेरून झालेलं, झाडांवर फक्त दोऱ्याची फळं. ती आत्याने सकाळीच तोडली आणि मटणाच्या रश्शात घातली.

"अगो बाय, लाल दोरा बघितला, म्हटलं हळदीसाठीच राखलेत! रस्सा झकास झाला ना पण?"

झाला होता, खरंच. बाबांनी तो खाल्ला नाही. रात्री फक्त म्हणाले, "इटलीच्या साहेबांना कळव. खोटं लिहू नकोस."

मी तीनदा खोडून ई-मेल लिहिला. उत्तर नाही. पावसाळा गेला. बाबांनी तरी एक वाफा खणून मोकळा ठेवला. आत्या त्या बाजूला फिरकेना.

परवा आजोबांच्या नातीचं उत्तर आलं. आजोबा मेल बघतच नाहीत, तिनेच उघडला. तिने लिहिलंय की त्यांच्या गावातून ते बी कधीच नाहीसं झालं होतं. जाताना आजीने आमच्या वाडीतलं चिमूटभर रुमालात बांधून नेलं, आता तिथे चार शेतांत तेच आहे, आणि गावात त्याला 'गोराई' म्हणतात. आमच्यासाठी पाकीट निघालंय.