माझ्या सहीनं गेलेलं नाटक

अर्जाचा फॉर्म चार पानी होता. पहिल्या तीन पानांवर राग यावा असं काही नव्हतं. नाव, वय, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय. चौथ्या पानावर लिहिलं होतं की अर्जदारानं स्वतः लिहिलेलं एक संपूर्ण नाटक किंवा पटकथा सोबत जोडावी, आणि यातला प्रत्येक शब्द माझा आहे असं लिहून खाली सही करावी.

मी तेव्हा ब्रह्मपुरीजवळ वैनगंगेच्या काठच्या एका गावात मुलींच्या शाळेत शिकवत होते. नागपुरात बी.ए. झालेली आणि लग्न न झालेली, त्यामुळे गावाला माझं दुहेरी आश्चर्य. आमचा चांदा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. मुंबईच्या एका संस्थेनं पदवीधरांसाठी सिनेमाच्या लेखनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला होता आणि आता आमच्या बाजूच्या लोकांनाही अर्ज करता येईल, असं वर्तमानपत्रात आलं. मी ती बातमी कापून उशीखाली ठेवली. मला ती जागा हवी होती. बाराखडी घोकून घेता घेता केस पांढरे करायचे नव्हते, आणि दर सुट्टीत घरी जाऊन कोणाच्या तरी पुढ्यात पोह्यांची बशी धरायची नव्हती. त्या जागेसाठी मी काहीही केलं असतं. केलंही.

नाटक मी लिहिलेलं होतं. आमच्याकडे धानाची मळणी उरकली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. आमच्या गावच्या मंडळासाठी मी दोन भावांच्या वाटणीचं नाटक लिहिलं होतं. ते तीन वर्षं चाललं, नदी ओलांडून आरमोरीकडेही गेलं. फक्त हँडबिलावर लेखक म्हणून नाव होतं मुलांच्या शाळेच्या हेडमास्तरांचं. ते मंडळाचे अध्यक्ष. "बाईमाणसाचं नाव मंडईच्या कागदावर बरं दिसत नाही. तुमच्या भल्यासाठीच सांगतो," असं ते मला म्हणाले होते. माझ्या भल्याची काळजी वाहणारी माणसं मला आयुष्यभर भेटत आली आहेत. त्यांच्यातल्या एकालाही मी अजून माफ केलेलं नाही.

अडचण अशी होती की ते नाटक माझ्याकडे नव्हतं. कोणाकडेच नव्हतं. आमच्याकडची रीत अशी, की लेखकानं प्रत्येक नटाच्या वाट्याचे संवाद वेगळ्या कागदांवर उतरवून द्यायचे. त्या कागदांना नक्कल म्हणतात. नकला वाटून झाल्या की मूळ वही सगळ्या मंडळासमोर फाडायची. पूर्ण वही गावात राहिली तर शेजारचं गाव ती पळवणार आणि आपल्याआधी ते नाटक लावून मोकळं होणार, ही भीती. वही फाडायचा मान लेखकाचा. हँडबिलावर हेडमास्तर होते, पण वही फाडायला मला बोलावलं होतं. मी ती टराटरा फाडली आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

अर्जाला वीस दिवस उरले होते. मी नकला गोळा करायला निघाले. थोरल्या भावाचं काम करणाऱ्यानं आपले कागद तंबाखूच्या पुड्या बांधायला वापरले होते. धाकटा भाऊ झालेला नट बल्लारपूरला कोळशाच्या खाणीत कामाला लागला होता. आईचं काम करणारा शिंपी म्हणाला, नक्कल छपराच्या कवेलूत खोचून ठेवली होती बाई, पावसात गेली. आठवून आठवून मी पहिला प्रवेश लिहून काढला तर तो बारशाच्या निमंत्रणासारखा वाटला.

मग मी हेडमास्तरांकडे गेले. फॉर्मसोबत एका प्रतिष्ठित माणसाचा दाखला जोडायचा होता की नाटक अर्जदाराचंच आहे. त्यांनी चष्मा पुसला, दौत पुढे ओढली आणि सुंदर अक्षरात लिहून दिलं की 'माझ्या नाटकाच्या लेखनात सदर शिक्षिकेने मोलाची मदत केली आहे.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "सर, नाटक कोणी लिहिलंय हे तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे हो. पण गावाला मी लेखक म्हणून माहीत आहे. आता मी वेगळं लिहून दिलं तर लोक मला काय म्हणतील?"

तो कागद मी त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. दाखला शेवटी ब्रह्मपुरीच्या एका डॉक्टरनं दिला. तो आमच्या झाडीपट्टीत नवा होता, त्यानं आमचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे सही करायला त्याला एक मिनिटही लागलं नाही.

नाटक ज्याला पूर्ण येत होतं असा जगात एकच माणूस होता. तो आमचा प्रॉम्प्टर. पडद्यामागं बसून नटांना वाक्य पुरवणारा. जातीनं ढिवर, नदीवर मासे धरणारा, आणि त्याला अक्षरओळख नव्हती. वही फाडण्याआधी मी पंधरा दुपारी त्याला सगळं नाटक वाचून दाखवलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलं. शाळा सुटली की मी वही-पेन्सिल घेऊन नदीवर जाऊ लागले. तो फाटकं जाळं पायाच्या अंगठ्याला अडकवून विणत बसायचा आणि बोलायचा, मी लिहायची. त्याला मधूनच थांबवलं तर सगळा प्रवेश पहिल्यापासून म्हणावा लागायचा. तेव्हा मी शिंक आली तरी दाबायची.

पाचव्या दिवशी आईचा प्रवेश आला. माझ्या नाटकातली सगळ्यात मोठी जागा. भावांची वाटणी होते, भांडीकुंडी, बैल, जमीन, सगळं वाटून होतं, आणि कोपऱ्यात बसलेली आई उठून बोलते. दीड पानांचं भाषण मी तिला दिलं होतं. मी फक्त आमच्या गावातला पहिला खेळ पाहिला होता, तोही अगदी पुढं बसून, एकदाही मागं वळून न बघता, कारण एकट्या बाईनं नाटकामागं गावोगाव हिंडणं शक्य नव्हतं. पण पुढच्या प्रत्येक गावाहून निरोप यायचा की मायचा प्रवेश आला की बाया पदर तोंडाला लावतात. तीन वर्षं मी त्या पदरांवर जगले होते.

त्यानं प्रवेश म्हटला. वाटणी झाली. आई उठली, आपलं जेवायचं ताट हातात घेतलं आणि म्हणाली, "माहं ताट कोनाच्या वाटनीत गेलं बाबू? मी तिथीच जेवीन." आणि तो पुढच्या प्रवेशाकडे वळला.

मी पेन्सिल खाली ठेवली. "भाऊ, हे माझं नाही."

"काऊन बाई, चुकलं काय?"

"आईचं भाषण कुठे आहे?"

तो जराही ओशाळला नाही. म्हणाला, "पयल्या खेळाले लोकं तिथी उठून जाऊन राह्यले होते बाई. कोनी चिवडा घ्याले, कोनी बिडी पेटवाले. मंग दुसऱ्या गावी म्या ते काढलं. शिंप्याले सांगतलं, एवढंच म्हन अन् ताट घेऊन हुभा राह्य."

"आणि मला विचारावंसं नाही वाटलं?"

"तुमी कुठी होत्या तिथी?"

"आणि हे वाक्य कोणाचं?"

"माह्या मायचं. आमची वाटनी झाली तवा म्हनलं होतं तिनं."

मी त्याच्यावर इतकी ओरडले की पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका वळून पाहू लागल्या. माझ्या नाटकाला हात लावायची तुमची हिंमत कशी झाली, असं काहीबाही बोलले. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमचं म्हनू काय? तेही याद हाये मले." आणि जाळ्यावरची नजर न उचलता त्यानं माझं दीड पानांचं भाषण म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. हे जगन्नियंत्या, ज्या उदरात मी या दोन्ही कुलदीपकांना वाढवले, तेच उदर आज दुभंगले आहे. सगळं. कुलदीपक, दुभंगले, विदीर्ण, सगळं. त्याच्या सपाट आवाजात, जाळ्याच्या गाठी मारता मारता. संपायला किती वेळ लागला! मला लाज वाटत होती आणि ती लाज मी त्याच्यावरचा राग म्हणून वापरत होते.

मी दोन्ही लिहून घेतलं. घरी जाऊन स्वच्छ प्रत केली तेव्हा आईच्या प्रवेशापाशी थांबले. फार वेळ नाही. त्याच्या आईचं वाक्य घातलं, माझं भाषण वगळलं, आणि चौथ्या पानावर सही केली की यातला प्रत्येक शब्द माझा आहे. हेडमास्तरांनी निदान मला सांगून तरी माझं नाटक घेतलं होतं. हे मला तेव्हाच सुचलं होतं, नंतर नाही. सही वाळेपर्यंत मी कागदाकडे बघत बसले आणि मग पाकीट चिकटवलं.

मुलाखतीचं पत्र आलं. अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं नागभीड, तिथून नागपूर, तिथून मुंबई. टेबलामागं तीन गृहस्थ होते. पहिल्यानं विचारलं, चांदा म्हणजे जंगलच ना, तुमच्या दारात वाघ येतो का? मी म्हटलं, येतो, पण अर्ज नसतो त्याच्याकडे. दुसऱ्याला झाडीपट्टीतली नाटकं म्हणजे तमाशाचा प्रकार वाटत होता. माझं डोकं तापत चाललं होतं. तेवढ्यात तिसरे, म्हातारे, आतापर्यंत गप्प बसलेले, त्यांनी माझं बाड उघडलं आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. त्यांना झाडीची बोली येत नव्हती, अडखळत वाचलं, तरी बाकीचे दोघे पुढे वाकले.

"बाकीचं नाटक ठीक आहे," ते म्हणाले. "पण हे तुम्हाला कसं सुचलं?"

सांगता आलं असतं. नदी, जाळं, प्रॉम्प्टर, त्याची आई. चार वाक्यांत सांगता आलं असतं, आणि ते चांगले गृहस्थ होते, कदाचित त्यामुळे माझं काही बिघडलंही नसतं. मी म्हणाले, "सुचलं." मग बोलतच सुटले. आईला मोठं भाषण मुद्दामच दिलं नाही. माणूस फार दुखावला की साधंच बोलतो. ताट ही वस्तू निवडण्यामागं माझा विचार असा होता. निवडण्यामागं! ते म्हातारे मान डोलवत होते. जागा मला मिळाली. तिथल्या तिथे सांगितलं त्यांनी.

गावी परतले ती राजीनामा द्यायला आणि सामान बांधायला. नदीवर जायचं मी टाळत होते, तर तोच शाळेच्या फाटकाशी आला. अंगात धुतलेला सदरा होता. म्हणाला, "जागा भेटली म्हनते, बाई."

"हो भाऊ."

"मायचं वाक्य आवडलं काय त्यायले?"

"फार आवडलं."

"इचारलं काय, कोनाचं हाये म्हनून?"

"विचारलं."

"मंग तुमी सांगतलं असन."

मी हो म्हटलं.

तो फाटकाचा अडसर वरखाली करत राहिला. मग म्हणाला, "माय राह्यली असती तर आज तिले सांगतलो असतो का तुहं बोलनं मुंबईले गेलं. आता मंडळाले सांगतो. उद्या संध्याकाळी सारे जमून राह्यले देवळापाशी, तुमाले निरोप द्याले. तवाच सांगतो साऱ्यायसमोर."

मला त्याचा राग आला. खरं सांगते, त्याचाच. मी हो म्हटलं आणि यानं ते ऐकून घेतलं, एकदाही माझ्या तोंडाकडे नीट बघितलं नाही. अर्धं आयुष्य पडद्यामागं बसून लोकांच्या चुका पकडणारा माणूस, याला माझी एवढी मोठी चूक पकडता येऊ नये? त्यानं तिथेच मला खोटारडी म्हटलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. तो मात्र हात जोडून, "बरं, येतो बाई," म्हणून निघाला.

"सांगा," मी मागून म्हटलं. "सगळ्यांना सांगा."

माझं तिकीट परवाचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक छकड्यात टाकली आणि ब्रह्मपुरीहून पहिली छोटी गाडी पकडली, म्हणजे तो सांगेल तेव्हा मला तिथे बसावं लागणार नव्हतं.