अण्णांचा कानाजवळचा हात

मी काही लिहिण्याएवढा मोठा नाही; आगाऊपणाबद्दल माफ करा. पण एक फोटो मनातून जात नाही.

माझे वडील, अण्णा, शाळेची व्हॅन चालवतात. नाक्यावरच्या कॅमेऱ्याने त्यांचा कानाजवळचा हात टिपला आणि मोबाइलवर बोलल्याचा दंड आला. निकाल लागेपर्यंत शाळेने त्यांची व्हॅन बंद केली.

“अरे, गणपतीचं देऊळ आलं म्हणून कान धरला!” अण्णा म्हणाले.

“मग आता त्यालाच साक्षीला बोलवा,” आई म्हणाली.

कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीकडे मी तक्रार लिहिली. कॅमेऱ्याला हात दिसतो. तो कशासाठी उठला, हे ओळखायला माणूस लागतो, असं मला वाटतं.

काल समितीचं उत्तर आलं. “फोटो मोठा करून पाहिला. हातात मोबाइल नाही. दंड रद्द. यापुढे गाडी चालवताना नमस्कार मनातच करावा.”