हाव

समोरचा माणूस बोलायला लागला की तो डोळे मिटून घ्यायचा. वाक्य संपलं की एक बोट वर करून म्हणायचा, "फिरून बोला." माणूस गोंधळून तेच वाक्य पुन्हा बोलायचा. मग हा डोळे उघडून त्याचं गाव सांगायचा, "देवणी. पन आजोळ कर्नाटकात." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

यात जादू नव्हती. लातूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत त्याची सगळी नोकरी गेली होती. खिडकी बुटकी, जाळी काळी पडलेली. माणसाचं तोंड दिसायच्या आधी आवाज यायचा. निलंगा, उदगीर, अहमदपूर, देगलूर, सगळ्यांचे आवाज त्या जाळीतून गाळून त्याच्या कानात साठले होते. तुमच्याही गावच्या स्टँडवर असा एखादा असेल. आपण त्याला गाडी कधी येणार एवढंच विचारतो, दुसरं काही विचारत नाही.

मी त्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हा एका मंडपवाल्याकडे बांबू वाहायचो. नांदेडची गाडी दोन तास आली नव्हती आणि मी खिडकीवर हात आपटून आरडाओरडा करत होतो. तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "औशाच्या पाव्हण्यांनी गळा जपावा. नांदेड गाडी यायलीय." सगळा स्टँड हसला. माझं डोकं फिरलं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, मी औशाचं नावही काढलं नव्हतं.

पुढे मंडप माझे झाले, जनरेटर माझे झाले, गाड्या झाल्या, निलंगा रस्त्याला शेतात घर झालं. हे कुणी दिलं नाही. मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा भाव केल्याशिवाय घेत नाही. म्हणून मुंबईची मालिकावाली मंडळी शेतातलं घर शूटिंगसाठी मागायला आली तेव्हा मी भुललो नाही. तीन दिवस चहा पाजून पाजून त्यांना घाम फोडला, मग हो म्हणालो.

गोष्ट मला आवडली होती, हे मात्र त्यांना कळू दिलं नाही. निलंग्याकडची एक पोरगी डाळमिलमध्ये पोती शिवते आणि शेवटी स्वतःची डाळमिल काढते. खालून वर आलेल्या माणसाला अशी गोष्ट आवडणारच. पण नायिका होती ठाण्याची. दिग्दर्शक म्हणाला, "हिला इथली बोली शिकवणारं कुणी आहे का?" मला ती खिडकी आठवली.

स्टँडवर सगळे त्याला मामा म्हणायचे. तो तेव्हा निवृत्त झाला होता. बायको गेलेली, एकुलती मुलगी पुण्यात कंपनीत. मी सगळं समजावून सांगितलं. किती देणार, असं त्यानं विचारलं नाही. त्याचा प्रश्न वेगळाच होता.

"पोरगी चांगली हाय का वाईट? गोष्टीतली म्हन्तो."

"नायिका हाय, मामा. चांगलीच असणार."

"शेवटपतूर आपल्यासारखीच बोलंल?"

"हाव," मी म्हणालो.

"मग येतो."

त्याचं कारण मला नंतर कळलं. त्याची मुलगी पुण्याला कॉलेजात गेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गात विचारलं, समजलं का? ही "हाव" म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवाळीला ती घरी आली ती "हो" म्हणतच. पुढे, आई गेल्यावर, फोनवरही तसंच. बापाशीही तसंच. मामा म्हणायचा, "गेली एका बोलीत, आली दुसऱ्या. तिकीट मातर मीच काढून दिलं व्हतं." आणि स्वतःच हसायचा. टीव्हीवर एक धड पोरगी आपल्यासारखं बोलली, तर आपली पोरगीही पुन्हा बोलेल, असा त्याचा साधा हिशेब होता.

त्याचं शिकवणं बघण्यासारखं होतं. पहिले दोन दिवस त्यानं त्या नायिकेला तोंड उघडू दिलं नाही. तोंडाला ओढणी बांधून लातूर स्टँडच्या बाकावर नेऊन बसवलं. "आयका. बोलू नका." तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. शूटिंगमध्ये हा हेडफोन लावून लिंबाखाली खुर्चीवर बसायचा आणि ती चुकली की तिथूनच ओरडायचा, "बाई, तुमची गाडी सोलापूरला गेली!" ती पुन्हा म्हणायची. "आता उदगीरला. मागं फिरवा." पुन्हा. मग डोळे मिटून मान हलवायचा, "हां. लागली निलंग्याला." सगळं युनिट हसायचं. ती पोरगीही जिद्दीची. महिनाभरात गावातल्या बायका तिला तिच्या माहेरचं नाव विचारायला लागल्या.

मालिका दिसायला लागली आणि आठवड्याभरात त्याच्या मुलीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी शूटिंगवर येताच त्यानं मला, ड्रायव्हरला, चहावाल्याला, सगळ्यांना तेच सांगितलं. "तिच्या हापिसातल्या पोरी इचारायल्या, तू बी तिकडचीच का गं? तर हाव म्हनली! पाव्हणं, हाव म्हनली!"

मग गुरुवार सुरू झाले.

मला आधी वाटलं, युनिटमधल्या लोकांना उपास असतो. गुरुवारी सकाळपासून कुणी नीट खायचं नाही, सगळे मोबाईलकडे बघत बसायचे. नंतर कळलं, त्या दिवशी आकडे येतात. आपली मालिका किती लोकांनी बघितली, दुसऱ्यांची किती. आकडा वर गेला की पेढे, खाली आला की गोष्ट बदलायची. बाजारात भाव पडला म्हणून तुरीचं सोयाबीन करता येत नाही. इथं करता येत होतं, आणि तेही एका दिवसात.

पहिल्यांदा आकडा पडला तेव्हा नायिकेच्या नवऱ्याला अपघात झाला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा त्याची स्मृती गेली. मग त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा आला. डाळमिलचा सेट माझ्याच माणसांनी उभा केला होता, माझ्याच माणसांनी तो काढला आणि तिथं झुंबराचा दिवाणखाना लावला. बायका सकाळी सहालाही भरजरी साड्या नेसून जिन्यावरून उतरायच्या. मामा दोन दिवस गप्प बसून बघत होता. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला म्हणाला, "सायेब, ह्या घरातलं कुनीच कामाला जात न्हाई का?"

दिग्दर्शक भला माणूस. थकलेला. डोळ्यांखाली काळं आलेलं. म्हणाला, "मामा, कामाचा सीन लिहिला की लोक चॅनल बदलतात. भांडणाचा लिहिला की बसून राहतात. मला काय आवडतं, ते मी आता विसरूनच गेलोय."

त्यानंतर, स्मृती गेलेल्या नवऱ्याशीच पुन्हा लग्न लावायचं ठरलं आणि मागणीचा प्रसंग झाला. नायक विचारतो, आयुष्यभर साथ देशील? नायिका खाली बघते आणि म्हणते, "हाव." मामानं तो एक शब्द तिच्याकडून दिवसभर घोटून घेतला होता. आमच्याकडच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडे पुण्या-मुंबईत मात्र लोकांनी त्या तुकड्याची चेष्टा करून मोबाईलवर फिरवला. नवरीला हाव सुटली म्हणे. त्या गुरुवारी आकडा पार आपटला.

चॅनलची बाई विमानानं आणि मग माझ्या गाडीनं आली. माझ्याच ओसरीवर बैठक झाली. ठरलं असं की नायिका दोन महिने पुण्याला शिकायला जाते आणि शुद्ध बोलत परत येते. "पण आपली मातीची चव सोडायची नाहीये हं," बाई म्हणाली. "ती आपण काकूला देऊ."

काकू म्हणजे मालिकेतली नवीन खलनायिका. नायिकेच्या दुधात विष कालवणारी.

मामा शांतपणे म्हणाला, "म्हंजी विष घालनारी आपली, आन् पिनारी त्यांची?"

मामा उठून लिंबाखाली जाऊन बसला.

त्याला समजावायचं काम माझ्याकडं आलं. मी नव्या गाड्या घेतल्या होत्या त्या या लोकांच्या भरवशावर. युनिट उठून गेलं असतं, तर माझं काय? मी आधी बाईकडे जाऊन घासाघीस केली. तासभर घासून एक सवलत मिळवली आणि मोठ्या फुशारकीनं मामाकडं आलो. "ऐका मामा. नायिका स्वयंपाकघरात आईशी एकटी असली की हाव म्हणंल. नवऱ्यासमोर, सासरच्यांसमोर हो. निम्म्यावर आणलं की नाही?"

"म्हंजी चोरून बोलायचं," तो म्हणाला. "माझी पोरगी बी तेच करायची. कॉलेजात असताना. खोलीचं दार लावून आईला फोन करायची."

मी भडकलो. काय काय बोललो, ते सगळं आठवत नाही. एका शब्दापायी माझ्या पोटावर पाय देता का, असं म्हणालो. तुम्हाला खिडकीतून उठवून इथं खुर्चीवर कुणी बसवलं, असंही म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्यासाठी शिकवतो."

आणि शिकवलं. मन लावून शिकवलं. वाईट शिकवायचं कसं, ते त्याला येतच नव्हतं. विष कालवून काकू म्हणायची, "पी गं ल्येकी, लई ग्वाड हाय," आणि त्यातला गोडवा इतका खरा की अंगावर काटा यायचा. आकडे चढले. गुरुवारी केक यायला लागले. नांदेडला एका साडीच्या दुकानाचं उद्घाटन काकूच्या हस्ते झालं, तेव्हा रस्ता बंद पडला.

मग एक दिवस मामा ठरलेल्या वेळेच्या आधीच आला. मी जनरेटरमध्ये डिझेल घालून घेत होतो. तो बाजूला उभा राहिला.

"पाव्हणं, काकूला मारून टाकता यील का?"

मला हसू आलं. तो हसला नाही.

"हापिसात पोरीला काकू म्हनायलेत. तिनं कुनाला चहा दिला की म्हन्त्यात, नको बाई, विष असंल. तिनं मला हसत हसत सांगितलं. ती हसली, तेच मला सोसंना." मग डिझेलचा डबा धरत म्हणाला, "अपघातात मारा. न्हाई तर असं करा, मारू नका. सुधारू द्या तिला. पन सुधारल्यावर बी ती तशीच बोलली पाहिजे. तेवढं इचारा त्यांना. तुमचं आयकत्यात."

"विचारतो," मी म्हणालो.

त्याच दुपारी चॅनलची बाई घराचा करार वाढवायला आली होती. मी विजेवरून भांडलो, फुटलेल्या फरशांवरून भांडलो, गाड्या कुठं लावायच्या त्यावरून भांडलो. सगळं माझ्या मनासारखं झालं. काकूचा विषय मी काढला नाही. व्यवहारात आपल्याला काय हवंय, ते समोरच्याला दिसू द्यायचं नसतं. मी काही मागितलं असतं, तर तिनं त्याच्या बदल्यात काहीतरी कापून घेतलं असतं. एवढंच कारण होतं.

संध्याकाळी मामानं विचारलं, "काय म्हनल्या?"

"बघू म्हणाल्या."

"बरं," तो म्हणाला. हेडफोनची वायर नीट गुंडाळून खुर्चीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी आला नाही. मी गाडी पाठवली, ती रिकामी परत आली. काकूला तोवर शिकवणाऱ्याची गरज उरली नव्हती, त्यामुळे कामही अडलं नाही. कुणी फारशी चौकशीही केली नाही.

मालिका आणखी वर्षभर चालली. कशी, ते विचारू नका. शेवटी शेवटी कोण कुणाचा मुलगा, ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसावं. शेवटच्या भागात सगळ्यांनी काकूला माफ केलं. माफी मागताना ती हात जोडून शुद्ध मराठीत बोलली. मग युनिट आलं तसं गेलं. भिंतींना खिळे, फरशीला डाग, ओसरीला तडा. मी आजही भेटेल त्याला सांगतो, या चॅनलवाल्यांनी चांगल्या गोष्टीचं वाटोळं केलं. ते खोटं नाही.

मामा मुलीकडे पुण्याला गेला होता. या हिवाळ्यात तिथंच वारला. मला महिन्यानं कळलं, तेही मुलगी लातूरचं घर रिकामं करायला आली आणि टेम्पोसाठी तिनं मला फोन केला म्हणून. मी टेम्पोबरोबर स्वतः गेलो. कपाट, पितळी डबे, दोन ट्रंका. ती हमालांना नेमकं, स्वच्छ, पुण्याच्या मराठीत सांगत होती, कुठली वस्तू कुठं ठेवायची.

सामान चढलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "तुमचे बाबा एकदा माझ्याकडं आले होते. काकूला मारून टाका म्हणाले."

ती आधी हसली. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच."

"मला कधी बोलले नाहीत." ती म्हणाली. "मग? काय म्हणाले ते लोक?"

"ऐकलं नाही त्यांनी," मी म्हणालो.

"तुम्ही त्यांच्यासाठी विचारलंत, हेच खूप झालं, काका," ती म्हणाली, आणि टेम्पोत बसण्याआधी वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.