मुद्दाम चुकवलेलं वृत्त

एम.ए. मराठीचा फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. बाबा म्हणाले, आधी तेलगावचे पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू. पसंती आली की फॉर्म राहणार, हे मला कळत होतं.

गेवराईचं आमचं घर हायवेला लागून. वाळूचा ट्रक गेला की बैठकीतलं बोलणं थांबतं. मुलाचे वडील मराठीचे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत होते. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून काकांनी बायोडाटात 'मराठी काव्याची आवड' असं आवर्जून घातलं होतं. गुरुजींनी नेमकं तेच धरलं. पोह्यांची बशी बाजूला सारून त्यांनी सगळ्यांना पाठ असतो असा एक जुना श्लोक म्हटला आणि मला वृत्त विचारलं.

मला येत होतं. वृत्तं मी कॉलेजात माझी मीच शिकले होते. चरणात बारा अक्षरं, लघु-गुरू-गुरू म्हणजे य गण, असं चारदा, शेवटी यमक. चालीवरूनच कळतं. पण भुजंगप्रयात म्हटलं असतं तर काकांनी तिथेच पेढे वाटले असते. मी खाली बघत म्हणाले, "द्रुतविलंबित."

काका हसून म्हणाले, इंग्लिश मीडियम हाय, चालायचंच. बाबांची मान खाली गेली. मला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही.

गुरुजी मात्र माझ्या गुडघ्याकडे बघत होते.

"पोरी, तोंड चुकलं तुझं. बोटं न्हाई चुकली."

श्लोक ऐकताना माझी बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. एक हलका, दोन जड. मला पत्ताच नव्हता.

"कावून चुकलीस?" त्यांनी हळू विचारलं.

बाहेरून ट्रक गेला, तेवढा वेळ मिळाला. उत्तर एका वाक्याचं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "घाबरले."

गुरुजी खूश झाले. लई वर्षांनी कान असलेली पोरगी भेटली म्हणाले, आमच्या घरात कुणाला लघु-गुरू कळत न्हाई. मुलाने मोबाईलमधून मान वर काढली, हसला. मग बाबांनी चाचरत एम.ए.चा विषय काढला.

"एम.ए. कशाला? मी हाय की घरात. रोज एक वृत्त घेऊ."

सगळ्यांना ते फार आवडलं. गुरुजींनी पुढचा चरण म्हटला आणि थांबले. मी गण सांगितले. य, य, य, य. या वेळी बरोबर.