बाबांनी उन्हात वाळवलेली फळी

माझ्या बाबांनी एकदा माझ्या बाल्कनीत आग लावली होती.

तीही मन लावून, दोन तास तयारी करून.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

आई गेल्यावर बाबा फरीदाबादचं घर बंद करून आमच्याकडे गुरुग्रामला आले. चौदाव्या मजल्यावर. सोबत दोन बॅगा, छोटी बुद्धमूर्ती आणि टॉवेलात गुंडाळलेला आईचा पोळपाट.

आमच्या घरी त्या पोळपाटाची एक पद्धत होती. पोळ्या आईने करायच्या, पोळपाट बाबांनी सांभाळायचा. ओल्या फडक्याने पुसायचा, लगेच कोरडा करायचा, खिडकीत उन्हाला उभा करायचा. चाळीस वर्षं. ऑफिसातल्या फायलीसुद्धा त्यांनी इतक्या जपल्या नसतील.

"लाकूड पाण्यात ठेवायचं नाही, कुजतं."

हे ऐकतच मी मोठी झाले.

आमच्याकडे त्यांना काही कामच उरलं नाही. पोळ्यांना बाई, भांड्यांना मशीन. बाबा पेपर वाचायचे. मग तोच पेपर पुन्हा वाचायचे.

त्याच वर्षी मी ऑफिसच्या कामाने कॅनडाला जाऊन आले. येताना सर्दी आणली, आणि सीडरच्या लाकडाच्या दोन फळ्या.

तिकडे एका कलीगच्या घरी खाल्लं होतं. फळी चार तास पाण्यात भिजवायची, तिच्यावर सॅमन मासा ठेवायचा आणि फळीसकट कोळशाच्या ग्रिलवर चढवायचा. ओली फळी पेटत नाही, नुसती धुमसते. तो धूर हळूहळू माशात उतरतो.

पहिल्याच रविवारी चार पाहुणे बोलावले. सकाळी फळी टबात भिजत घातली आणि मासा आणायला बाहेर पडले.

परत आले तर फळी ओट्यावर तयार. वाटलं, बाबांनी मदत केली. घाईत हात लावूनही बघितलं नाही, वर मीच त्यांना थँक्यू म्हणाले.

बाल्कनीतल्या ग्रिलवर ठेवली आणि पाच मिनिटांत फळी भडकली. सॅमन ज्वाळांच्या मधोमध.

गार्डचा इंटरकॉम आला. "मॅडम, आपकी बालकनी से बहुत धुआँ आ रहा है, सब ठीक है ना?"

तेवढ्यात बाबा टब घेऊन धावत आले आणि सगळं पाणी ग्रिलवर ओतलं. ज्या पाण्यात फळी असायला हवी होती, तेच पाणी.

"तू पाण्यात विसरून गेली होतीस," बाबा म्हणाले. "मी काढली. पुसली. दोन तास उन्हात ठेवली, पालटून पालटून."

चेहऱ्यावर चक्क अभिमान.

आणि मी पाहुण्यांसमोर म्हणाले, "बाबा, प्लीज. माझ्या किचनमधल्या कशाला हात लावत जाऊ नका."

माझ्या किचनमधल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी विचारलं, "बेटा, ग्लास घेऊ का?"

आठवडाभर विचारत राहिले. कप घेऊ का. फ्रीज उघडू का. मुलीच्या घरात पाहुण्यासारखे, अंग चोरून.

मला सॉरी म्हणता येत नाही. बाबांवरच गेलेय.

शनिवारी मी दुसरी फळी त्यांच्या हातात दिली.

"ही तुमची. उद्या दहाला पाण्यात घालायची, दोनला काढायची."

"चार तास? पाण्यात?"

"हो."

"कुजेल बेटा."

"कुजू दे, बाबा."

त्यांनी फळी काखेत धरली. मग म्हणाले, "अच्छा."

रविवारी बघते तर बाबा टबाशेजारी वेताच्या मोढ्यावर बसलेले. फळी सारखी वर तरंगत होती आणि ते तिला तळहाताने दाबून धरत होते.

"बाबा, वर एखादा डबा ठेवा ना."

"राहू दे. हात आहे ना."

जानेवारीचं मऊ ऊन त्या पाण्यात पडलं होतं. पाण्याखाली त्यांचा हात पिवळसर दिसत होता, फळीच्याच रंगाचा. मला त्यांना उठवावंसं वाटेना.

दुपारी ग्रिलचं झाकण उघडलं आणि धूर सावकाश वर गेला. समोरचे टॉवर आधीच धुक्यात अर्धे विरघळले होते, तेही दिसेनासे झाले. उरलो मी, बाबा आणि तो वास.

बाबांनी डोळे मिटले.

"शाळेच्या रस्त्यावर आरागिरणी होती. ओली लाकडं कापायचे. असाच वास."

"भंडाऱ्याला, तुमच्या गावी?"

"हं. मी तिथे उभा राहायचो. शाळेला उशीर व्हायचा."

इतक्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं. उशीर करणारे बाबा.

त्यांनी मासा खाल्ला. दुसऱ्यांदा मागून घेतला. मग ताटाकडे बघत म्हणाले, "तुझ्या आईने आवडीने खाल्ला असता. काटे नाहीत."

या घरात आल्यापासून त्यांनी पहिल्यांदा आईचा विषय काढला होता.

जेवल्यावर फळीची काजळी खरवडली, पुसली, आणि हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"आता वाळवू ना?"

"बिल्कुल, बाबा."

त्यांनी ती पोळपाटाशेजारी उन्हात उभी केली. त्यानंतर बाबांनी मला कधी काही विचारून घेतलं नाही. चहाही स्वतःच करायला लागले. साखर जास्तच घालायचे.

असे आणखी पाच-सहा रविवार मिळाले. मग एका सोमवारी दुपारी, पेपर वाचता वाचता, बाबा गेले.

सगळं आटोपून घरी आलो तेव्हा फळी बाल्कनीत उभी होती. कोरडी खडखडीत. रविवारी त्यांनी ठेवली तशी.

वर्षभर मी ती हलवली नाही.

आज सकाळी दहाला पाण्यात घातली. वर तरंगली. हाताने दाबून बसले थोडा वेळ.

मग मुद्दाम किचनमधून बाहेर गेले. एकदा नाही, तीनदा.

परत आले तेव्हा फळी पाण्यातच होती.

बाबा, कशालाही हात लावा हो.

तुमच्या लेकीचा सविनय जयभीम.