सात थांबे आणि एक पांघरूण

शेवटचा पेपर देऊन पोरगी हॉस्टेलवरून घरी आली, ती एकच निश्चय करून. सुट्टीचे अकरा दिवस पांघरुणातून नाकसुद्धा बाहेर काढायचं नाही! पहिले दोन दिवस तिनं तो इमानेइतबारे पाळला. दुपारी बाराला उठायचं, खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या चौकोनात खुर्ची ओढायची आणि चहात बिस्किट बुडवायचं. अर्धं बिस्किट कपात पडलं तरी कपाळावर आठी नाही. परीक्षाच संपली होती, बिस्किटाचं काय एवढं!

तिसऱ्या दिवशी तिनं आईच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला आणि आतून एक पुस्तक पडलं. 'चालक प्रशिक्षक : लेखी परीक्षा'. धडे सात. पहिलं पान चुरगळलेलं, बाकीची कोरी करकरीत.

"आई, हे काय?"

"कुठं काय?" आई नुकतीच ड्यूटीवरून आली होती. गेली बावीस वर्षं ती शहराची बस चालवत होती. भर चौकात एखादा मोटारवाला आडवा आला, तर नुसत्या नजरेनं त्याला मागं सरकवणारी बाई. आणि आता बुटाची लेस सोडायला म्हणून जी वाकली, ती वर बघेचना.

"परीक्षेला बसतेयस?"

"दोनदा बसून झालंय."

"मग?"

"पहिल्यांदा नुसतं नाव लिहून आले. दुसऱ्यांदा नाव आणि तारीख."

"म्हणजे प्रगती आहे की!"

आई हसली; पण ते हसू काही टिकलं नाही. "पुढच्या वर्षी पन्नास पूर्ण. मग अर्जच घेत नाहीत. नवी पोरं येतात गं डेपोत, ब्रेकवर असा पाय मारतात की माणसं पुढच्या सीटवर आदळतात. त्यांना शिकवावंसं वाटतं. पण कागद पुढं आला की माझं डोकं धुतलेल्या पाटीसारखं होतं."

"परीक्षा कधी?"

"सात दिवसांनी. तू झोप, बाई. दमून आलीयस."

झोपते कसली! दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पोरगी स्वेटरवर स्वेटर चढवून आईच्या बसमध्ये पहिल्या सीटवर हजर. कंडक्टरकाका बघतच राहिले.

"काय गं, कॉलेजात नापास झालीस म्हणून कामाला लागलीस?"

"शिकवणी घ्यायला आलेय, काका."

"कुणाची? ताईंची? अगं, गेल्या वर्षी मी शिकवायला बसलो, तर मलाच झोप लागली!"

समोर पाटी होती : चालकाशी बोलू नये. आई तर असली कडक की त्या पाटीपुढं पोटच्या पोरीलाही सूट नाही. त्यामुळं बस चालू असेपर्यंत पोरगी नुसती रस्ता बघत बसली. डेपो, शाळा, बाजार, पूल, पोस्ट, दवाखाना, गिरणी. सात थांबे! शेवटच्या थांब्यावर बस आठ मिनिटं उभी राहिली तशी ती उडी मारून आईजवळ गेली.

"आई, धडे सात, थांबे सात. प्रत्येक थांब्याला एक धडा अडकवायचा. डेपोला गाडीची तपासणी, शाळेला वेगमर्यादा. दवाखान्याला प्रथमोपचार..."

"दवाखान्याला कशाला? तिथं डॉक्टर असतात. प्रथमोपचार पोस्टाला. पायऱ्यांवर ते आजोबा बसतात ना, त्यांना चक्कर आली असं धरू."

"बिचारे आजोबा!" काका म्हणाले. "रोज चक्कर येणार आता."

दिवसाला तीन फेऱ्या, असे सहा दिवस. शेवटच्या थांब्यावरच्या त्या आठ मिनिटांतच चहाही आणि धडाही. चौथ्या दिवशी मात्र पोस्टासमोरचा रस्ता पाइपसाठी खणला आणि बस पुलावरून डावीकडं वळून थेट दवाखान्याला जाऊ लागली. "बरं झालं," आई म्हणाली, "चार मिनिटं वाचली." कुणाच्याच काही ध्यानात आलं नाही.

परीक्षा डेपोच्या उपाहारगृहात होती. सात धड्यांवर सात प्रश्न; एकही कोरा राहिला तर नापास. बाहेर काका आणि पोरगी खिडकीच्या काचेला नाक लावून उभे. आई पेन घेऊन बसली होती आणि टेबलाखाली तिचा उजवा पाय हळूच दाबला जात होता.

"काका, ब्रेक! डेपोला थांबली."

पाय उचलला. आई लिहू लागली. मग शाळा. मग बाजार. मग पूल. आणि मग आईचे खांदे किंचित डावीकडं झुकले.

"अरे देवा!" पोरीनं काकांची बाही ओढली. "वळली! पोस्ट राहिलं!"

"हाक मारू?"

"चालकाशी बोलू नये, काका."

दवाखाना झाला, गिरणी झाली. आईनं पेन ठेवलं, कागद चाळले आणि पाचव्या प्रश्नावर तिचा चेहरा पांढरा पडला. कपाळ चोळलं, छताकडं बघितलं. काही नाही. पाटी धुतलेली. दहा मिनिटं उरली होती. पोरगी बाहेर नखं खात होती, काका तिला ओरडत होते आणि स्वतःची खात होते.

मग आई सरळ बसली. डोळे मिटले. पाय पुन्हा दाबला. बस पुन्हा डेपोतून निघाली होती! शाळा. बाजार. पूल. या वेळी खांदे झुकले नाहीत. ती सरळ गेली, आणि पाचव्या थांब्यावर पाय जो दाबला तो घंटा होईपर्यंत उचललाच नाही. पेन मात्र धावत होतं.

"आजोबा वाचले," काका घाम पुसत म्हणाले.

घरी आल्यावर आईनं पोरीच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला : झोपलेल्याशी बोलू नये. "सुट्टीचा एकच दिवस उरलाय तुझा. झोप पोटभर."

दुसऱ्या दिवशी निकाल लागणार होता. पोरीला जाग आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. दाराखालच्या फटीतून बाहेर दोन बूट दिसत होते, डेपोतून आलेले, धूळभरले. डावा स्थिर. उजवा एकसारखा वर-खाली.

"आई!" ती पांघरुणातूनच ओरडली. "कधीपासून उभी आहेस?"

"अर्धा तास झाला."

"मग हाक मारायची ना! पास?"

"पास गं! पण तू झोप, बाई. पाटी लावलीय."