येन्सचं टुंगसिन

त्या दिवशी इंग्लंडमधल्या रीडिंगला आभाळ इतकं खाली आलं होतं, की हात वर केला तर ओला व्हावा. इथे कपडे वाळत नाहीत आणि किस्से संपत नाहीत. दोन्ही घरातच साचतात. २००४च्या सुमारास मुलाने मला इकडे आणलं, तेव्हापासूनचे माझे बहुतेक किस्से शेजारच्या येन्सचे. येन्स म्हणजे डेन्मार्कचा म्हातारा. बायको करीन जाऊन दोन वर्षं झालेली. तिच्या कपड्यांची ट्रंक चॅरिटी शॉपला द्यायची होती, पण ते काही त्याच्याच्याने होत नव्हतं.

मी कुंपणावरून मोडक्या इंग्रजीत विचारलं, "येन्स, सॅड?"

"सॅड नाही. टुंगसिन!"

त्यांच्या भाषेतला शब्द. टुंग म्हणजे जड, सिन म्हणजे मन.

"अरे, आम्हीही हेच म्हणतो! मन जड झालं!"

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तरीच तू एवढा हळू चालतोस!"

*

सून माझी डॉक्टर. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "अहो बाबा, त्यांना जीपीकडे पाठवा."

जीपी म्हणजे इथला नेहमीचा डॉक्टर. गेला बिचारा. आला तो हसतच.

"डॉक्टरीणबाई विचारतात, दुःख एक ते दहात किती? मी म्हटलं, किलोत सांगू?"

*

एकदा जेवायला बोलावला. मी थापलेली भाकरी त्याने हातावर तोलली. "हे टुंग. सिन कुठाय?"

"भाकरीला कुठलं मन? करणाऱ्याला असतं."

"मग तुझं फारच जड दिसतंय!"

सून हसता हसता पाणी आणायला उठली.

*

शाळा मी पाहिली नाही. मार्केट यार्डात हमाली केली. तिथली रीत अशी, की क्विंटलभराचं पोतं एकट्याने पाठीवर घ्यायचं नाही, दुसऱ्याने हात लावायचा. म्हणून एका सकाळी येन्सची बेल वाजवली. "चल, ट्रंकेला हात लावतो."

एक कडी त्याने धरली, एक मी. चॅरिटीचं दुकान दहा मिनिटांवर. कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या लाल पेटीपाशी तो थांबला. मीही थांबलो. आम्ही ट्रंक खाली टेकवली.

मग त्याने कडी पुन्हा धरली आणि ट्रंक घराच्या दिशेने वळवली.

"आज इथपर्यंत आलो," तो म्हणाला. "उद्या सिग्नलपर्यंत नेऊ."